वाटणीतला हब

ज्योतिबा कोळेकराची जीप चिखलात तीन चाकांनी ओढते, असं तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. त्यात त्याला कमीपणा वाटत नसे, उलट जरा ऐटच वाटे. "लोकांच्या गाड्या मागच्या दोन चाकांवं चालत्यात, आपली तीनांवं चालती. चौथं धाकट्यानं वाटणीत नेलं," असं म्हणून तो मोठ्यानं हसायचा. ऐकणारेही हसायचे. त्याची बायको मंगल तेवढी हसायची नाही.

चाक कुणी नेलं नव्हतं. नेला होता पुढच्या डाव्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा मुठीएवढा लोखंडी खटका. पण ती जीप घरात कशी आली ते आधी सांगायला हवं.

कोळेकर धनगर. वाडी आटपाडीच्या पलीकडं, उघड्या माळावर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरायचं, उसाच्या मुलखात शेतकऱ्यांच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि उन्हाळा सरता सरता परत वर जायचं, हे बापजाद्यांपासून चालत आलेलं. बिऱ्हाड आणि नुकती जन्मलेली कोकरं वाहायला दोन घोडी होती. घोडी थकली तेव्हा ज्योतिबा आणि त्याचा धाकटा भाऊ अर्जुना साताऱ्याला गेले आणि एका निवृत्त सुभेदाराकडून जुनी हिरवी जीप घेऊन आले. त्यांची आई बयाबाई जीपभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हिला चारा लागत न्हाई ह्ये बरं हाय. पर हाक मारली तर येनार बी न्हाई."

गाडी देताना सुभेदारानं दोघांना उन्हात उभं करून शिकवलं होतं. "ही गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते. डांबरी सडकेवर तशीच चालवायची. तिथं चारी चाकं जोडलीत तर पुढचं सगळं पिळवटून तुटेल. चिखल दिसला की पहले नीचे उतरायचं. पुढच्या दोन्ही चाकांचे हब 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायचे. आधी उजवा, मग डावा. मग वर बसून ही बारकी दांडी मागं ओढायची. चारी चाकं पकडतात. कडक सडक आली की पुन्हा नीचे उतरून मोकळे करायचे. समजलं?" दोघांनी माना हलवल्या. दोन्हीच का फिरवायचे, हे त्यानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

जीप खरी कामाला लावली ती बयाबाईनं. तळ हलवायच्या दिवशी ती सगळी कोकरं मागच्या हौद्यात भरायची, फळी लावायची आणि स्वतः त्यांच्यात मांडी घालून बसायची. कोकरं आत ओरडायची आणि त्यांच्या आया जीपच्या मागं मागं मान वर करून चालायच्या. आयांच्या मागं बाकीचं खांड, म्हणजे सगळा कळप. ज्योतिबा माणसाच्या चालीनं गाडी हाकायचा. पुढं काठी घेऊन कुणी चालायची गरजच उरली नाही. दोन हंगामांत मेंढ्यांना इतकी सवय झाली की नुसतं इंजिन सुरू झालं तरी त्या चरायच्या थांबून गाडीकडं धावत.

अर्जुनाचं मन मेंढरांपेक्षा त्या इंजिनात जास्त रमलं. तो कराडला एका गॅरेजात कामाला राहिला. सुट्टीवर आला की गाडीखाली शिरायचा. जुन्या हबांचे दाते झिजले होते, लॉक केले तरी सटकायचे, म्हणून त्यानं आपल्या पगारातून नवी जोडी आणून बसवली. हे सामान जोडीनंच मिळतं, सुटं मिळत नाही. पुढं त्याला स्वतःचं गॅरेज टाकायचं मनात आलं आणि तो म्हणाला, माझ्या वाट्याची मेंढरं मोडू या.

"बापाची मेंढरं मोडून पत्र्याचं शेड घालतूस व्हय?" ज्योतिबा म्हणाला. तिथून शब्दाला शब्द वाढत गेला आणि वाटणीवर आला.

वाटणी बिरोबाच्या देवळासमोर पंचांपुढं झाली. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, एका कोपऱ्यात उघडली आणि बाहेर पडेल ते एक मेंढरू इकडं, एक तिकडं असं खांड वाटलं. घोंगडी वाटली, भांडी वाटली, कुत्री वाटली. जीप ज्योतिबाकडं राहिली, तिच्या बदल्यात अर्जुनानं काही मेंढ्या जास्त घेतल्या. आई ज्योतिबाकडं राहिली, तिच्या बदल्यात कुणी काही घेतलं नाही. सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना अर्जुना म्हणाला, "गाडीचं हब माझ्या पगारातलं हायती. त्ये मी काढून न्हेनार."

पंच एकमेकांकडं बघायला लागले. ज्योतिबाचं डोकं सणकलं. "दोन हायती न्हवं? मग एक तुजं, एक माजं. समदं अर्धं झालं, ह्ये बी अर्धं हुं दे. काढ."

रागात बोलला, पण पंचांना न्याय पटला. अर्जुना काहीतरी बोलणार होता. त्याचं तोंड उघडलेलं मंगलनं पाहिलं. मग त्यानं ते मिटलं, पाना घेतला, डाव्या चाकाचा हब खोलला आणि धूळ जाऊ नये म्हणून तिथं पत्र्याचं झाकण कापून बोल्टांनी आवळलं. झाकणावर हिरवा रंगही मारला. लांबून बघणाऱ्याला काही कळू नये इतकं ते नीट बसवलं होतं.

तो काय बोलणार होता, ते असं होतं. या गाडीला एका बाजूचा हब काढला की दुसऱ्या बाजूचा असून नसल्यासारखा. पुढच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटून देणारी जी पेटी असते, ती नेहमी मोकळ्या बाजूला जोर सोडून देते. डावीकडं दांडा आतल्या आत नुसता फिरत राहणार आणि उजवं चाक जागचं हलणार नाही. मेंढरं अर्धी करता येतात, हे अर्धं करता येत नाही. अर्जुनाला हे पक्कं ठाऊक होतं. ज्योतिबाला वाटलं, चारातलं एक गेलं, तीन राहिली.

पुढं दोन वर्षं कोरडी गेली. माळाला आणि डांबरी सडकेला पुढच्या चाकांची कधी गरज पडली नाही. तीन चाकांची फुशारकी चालून गेली.

यंदा मार्गशीर्षात त्यांचा तळ आष्ट्याजवळ आप्पासो मानेच्या रानात पडला. आप्पासोचा ऊस तुटून गेला होता आणि खोडवा काढून टाकायचा होता. त्यानं मेंढरं बसवायला तळातलं रान दिलं, ओढ्याच्या कडेचं. माती अशी काळीभोर, की वाळली तर दगड आणि भिजली तर लोणी. रानातून वर आप्पासोच्या वस्तीपर्यंत पाणंद होती आणि वस्तीपुढं डांबरी सडक. वस्तीवर जनावरांचा लांबलचक गोठा होता, वर चांगले पत्रे होते. आता सांगायचं कारण, पुढं तो गोठाच सगळं होऊन बसला.

मेंढ्या नुकत्या व्यायलेल्या होत्या. यंदा जुळी जास्त झाली होती आणि बयाबाई त्या कौतुकात होती. सकाळ संध्याकाळ ती वाघरीत शिरून कोणतं कोकरू कोणाचं ते लावायची, कच्चं असेल त्याला आईच्या सडाला धरायची. एखाद्या मेंढीनं दुसरं पिल्लू घेतलं नाही तर तिचं दूध आपल्या बोटाला लावून त्याला चोखायला द्यायची. ज्योतिबा म्हणायचा, हा हंगाम आपल्याला वर काढंल.

त्या दिवशी दुपारपासूनच हवा विचित्र झाली. थंडीच्या दिवसांत उकडायला लागलं. दक्षिणेकडून ढग चढले. आप्पासो बांधावर येऊन म्हणाला, "ज्योतिबा, मोबाईलवं पाऊस दावतुया. मेंढरं वर गोठ्याकडं आनून बसीव गड्या. एक रात अडचन हुईल, हुं दे."

"आवं, ह्या दिवसांत कसला पाऊस? चार थेंब पडत्याल," ज्योतिबा म्हणाला. "आनि ह्या वावरात अजून एक रात बसायची बोली हाय आपली. बोली मोडली तर पुढच्या साली कोन बलवील?"

आप्पासो गेल्यावर मंगल म्हणाली, "आवं, त्यो मानूस आपनहून बोलावतुया. जाऊया की. निदान कोकरं तरी वर ठिवू."

"आत्ता वर न्ह्यायची, सकाळी परत खाली आनायची. कशापायी? अन् आलाच पाऊस तर गाडी हाय की. फोर व्हीलची गाडी हाय, का बैलगाडी हाय?"

"तीन व्हीलची," मंगल म्हणाली.

"तीन तर तीन. तीन लय झाली," ज्योतिबा म्हणाला आणि वाघर ठोकायला निघून गेला. मंगलला आणखी बोलायचं होतं. पण भाकरी थापायच्या होत्या, चुलीत जाळ विझत होता, आणि हा माणूस एकदा म्हणाला की म्हणाला. ती गप्प बसली. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला याच्यासाठी बोल लावत राहिली.

पाऊस पहाटे आला. चार थेंब नव्हता. वाऱ्यासकट आडवा आला आणि थांबायचं नावच घेईना. पावसाळ्यातल्या पावसाची गोष्ट वेगळी, तेव्हा अंगात ऊब असते. हा पाऊस थंडीवर पडलेला पाऊस होता. उजाडलं तेव्हा मोठी मेंढरं एकमेकांना चिकटून, माना खाली घालून उभी होती, लोकर भिजून जड झालेली. कोकरं आयांच्या पोटाखाली शिरत होती आणि आयांच्या पोटावरूनच पाणी ठिबकत होतं.

"भरा कोकरं," ज्योतिबा ओरडला. तिघांनी मिळून कोकरं हौद्यात भरली. बयाबाई त्यांच्यात बसली, वर ताडपत्री ओढली. ज्योतिबानं उजव्या चाकाशी वाकून हब 'लॉक'वर फिरवला. डावीकडं गेला, पत्र्याच्या झाकणाकडं बघितलं आणि परत फिरला. वर बसून बारकी दांडी ओढली. दांडी नीट बसल्याचा खट आवाज आला. त्या आवाजानं त्याला धीर आला.

गाडी हलली. पहिल्या सऱ्या ओलांडल्या. ओढ्याच्या बाजूला जिथं रान खोलगट होतं तिथं मागचं एक चाक गरागरा फिरायला लागलं आणि जीप बसली.

"रेटा दे," ज्योतिबा म्हणाला. मंगलनं मागून खांदा लावला. चाकानं तिच्या तोंडावर चिखलाचा सपकारा मारला. गाडी आणखी खाली गेली. तिनं उसाचं पाचट आणून चाकांखाली घातलं. चाकानं ते चावून मागं फेकलं. बांधावरचे दगड आणून घातले. ते मातीत गडप झाले. मग ती पुढं जाऊन उभी राहिली, आणि तिला जे दिसलं ते तिनं ओरडून सांगितलं.

"आवं, म्होरली दोनी चाकं गप हायती. उजवं बी फिरंना झालंय."

ज्योतिबा उतरला. हब बघितला, 'लॉक'वरच होता. दगडानं दोनदा ठोकला. परत वर चढला, दांडी सोडली, परत ओढली. खट झालं. गाडीचा आवाज चढला, मागचं चाक फिरलं, पुढचं उजवं चाक ढिम्म.

मंगलनं पदराखालची प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून मोबाईल काढला आणि अर्जुनाला लावला. दोन वर्षांत तिनं त्याला केलेला हा पहिला फोन.

"वैनी?" पलीकडून अर्जुना घाबरून म्हणाला.

तिनं थोडक्यात सांगितलं. त्यानं विचारलं, "डाव्या अंगाला अजून झाकनच हाय व्हय?"

"तूच तर बसवलंस."

"वैनी, मग ती निघायची न्हाई. एक नसलं की दुसरं बी वढत न्हाई. समदा जोर मोकळ्या अंगानं जातुया. गाडीचा नाद सोडा. आधी कोकरं उतरवा, उचलून गोठ्याकडं न्या. मी निघालो. हब घिऊन येतो. पर माझी वाट बघू नगासा."

तिनं ते जसंच्या तसं ज्योतिबाला सांगितलं. पावसात उभं राहून, ओरडून सांगितलं. ज्योतिबानं स्टिअरिंगवर हात आपटला. "त्यो कराडात कोरड्यात बसून मला शिकवतुया? तीन वढत्यात म्हनजे वढत्यात. जरा माती लागली असंल आत. पाचट आन अजून."

आता खरं सांगायचं तर त्यालाही पटलं होतं. पण पटलं म्हणायचं तर वाटणीच्या दिवशी आपण पंचांपुढं काय बोललो ते आठवायला लागणार होतं, आणि दोन वर्षं चारचौघांत काय सांगत फिरलो तेही. माणूस अशा वेळी पुढच्या रेट्याला गाडी निघेल एवढंच धरून बसतो. त्यानं आणखी एकदा प्रयत्न केला. मग आणखी एकदा. जॅक लावून चाक उचलायला गेला तर जॅकच जमिनीत गेला. सकाळ अशी हातातून निसटत गेली.

ताडपत्री वाऱ्यानं एका बाजूनं सुटली होती. बयाबाई आत दोन्ही हातांनी ती धरून बसली होती आणि हौद्यात पाणी साचत होतं. आधी कोकरांचा नुसता गलका होता. मग तो कमी झाला. बयाबाईला त्याचा अर्थ कळला.

"ज्योती," ती मागून म्हणाली, "खाली उतर. कोकरं गप झाली."

"आये, आता निघंल बघ. जरा—"

"उतर म्हंते न्हवं!"

त्याआधीच मंगल दोन कोकरं काखेत आणि एक पदरात घेऊन पाणंदीला लागली होती. घोट्याच्या वर चिखल, प्रत्येक पावलाला पाय उपसून काढावा लागे. एक चप्पल गेली, दुसरी तिनंच झटकून टाकली. अर्ध्या वाटेत आप्पासो भेटला, डोक्यावर पोत्याची खोळ. त्याचा ट्रॅक्टर वरच पाणंदीच्या तोंडाशी ट्रॉलीसकट रुतला होता आणि तो तसाच चालत आला होता. "मंगलताई, दे हिकडं," म्हणून त्यानं काखेतली दोन घेतली आणि परत वळला. पदरातलं कोकरू मंगलनं आपल्याजवळच ठेवलं. थोडं चालल्यावर तिच्या लक्षात आलं की ते आता थरथरत नाही. तिनं त्याच्या तोंडाला गाल लावून बघितला. मेलेलं कोकरू टाकून परत दुसरं आणायला धावायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण त्या चिखलात खाली टाकायला तिचा हात होईना. ती त्याला तसंच गोठ्यापर्यंत घेऊन गेली.

मग ज्योतिबाही उतरला. शर्ट काढून त्यात कोकरं बांधली, पाठीवर घेतली, पळायला गेला, पडला, उठला. येरझाऱ्या झाल्या. आप्पासोच्या बायकोनं गोठ्यात तुराट्यांचा जाळ केला होता, जुनी धोतरं, पोती, लुगडी जे असेल त्यानं ती कोकरांना पुसत होती. काही कोकरं जाळाजवळ आल्यावर हुशार झाली, मान टाकून पडलेली उठून बसली. पण थोडी. बाकीची गोठ्याच्या भिंतीकडेला ओळीनं ठेवावी लागली. मोठी मेंढरं आपापल्या पायांनी वर आली, त्यातलीही काही रानातच बसली ती उठली नाहीत.

सकाळी पहिल्यांदा गाडी बसली तेव्हाच कोकरं उचलली असती तर बहुतेक वाचली असती. हे ज्योतिबाला कुणी बोलून दाखवलं नाही. त्याची गरजही नव्हती. तो त्या ओळीसमोर उघड्या अंगानं बसला होता आणि आप्पासोनं अंगावर टाकलेली चादर त्याच्या खांद्यावरून घसरली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

वाटेतल्या ओढ्यांच्या पाण्यानं अडत अडत अर्जुना तिन्हीसांजेला आला. मोटारसायकल सडकेवर लावून आत आला तेव्हा त्याच्या सगळ्या अंगावरून पाणी गळत होतं. काखेत फडक्यात गुंडाळलेला हब होता. त्यानं भिंतीकडेची ओळ बघितली आणि तिथंच दारात खाली बसला. बयाबाई उठली, तिनं आपल्या अंगावरचं घोंगडं काढून धाकट्याच्या अंगावर टाकलं आणि परत जाळाजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. स्वच्छ, कोवळं, जणू काही झालंच नाही असं. त्या उन्हाचा मंगलला राग आला. आप्पासोनं बांधाच्या कडेला खड्डा घेऊन दिला. तो मान वर करून कुणाकडं बघत नव्हता, तळातलं रान आपणच दिलं हे त्याच्या मनात सलत होतं. कोकरं पुरली. मेंढ्यांचे सड दुधानं तटतटले होते, दुखत होते आणि त्या ओरडत रानभर फिरत होत्या. मंगल आणि बयाबाई एकेकीला धरून जमिनीवरच पिळायच्या आणि सोडायच्या. दूध काळ्या मातीत जिरत होतं.

दुपारी माती जरा आवळल्यावर अर्जुना जीपपाशी गेला. कुदळीनं पुढची चाकं मोकळी केली, डाव्या चाकाशी बसून त्यानं पत्र्याचं झाकण खोललं. ज्योतिबा येऊन शेजारी बसला. एक एक बोल्ट अर्जुनाच्या हातातून आपल्या हातात घेत गेला.

फडकं सुटलं. हब तेलानं चकचकीत होता, गंजाचा ठिपका नव्हता.

"नवा आनलास?" ज्योतिबानं विचारलं.

"न्हाई. ह्योच त्यो."

"मग असा कसा ऱ्हायला?"

"तेल लावून ठिवत हुतो." अर्जुना खाली बघूनच बोलत होता. "जत्रंला घिऊन आलो हुतो, आण्णा. बसवून द्यावा म्हनून. तुमी बोलला न्हाईसा."

ज्योतिबाला जत्रा आठवली. धाकटा दारापर्यंत आला होता, हातात जड पिशवी होती. आपण पाठ फिरवून घोंगडं झटकत बसलो होतो. त्याला वाटलं होतं पिशवीत नारळ असतील, देवाचे. थोडा वेळ उभा राहून अर्जुना पिशवी घेऊन तसाच गेला होता.

"वाटनीच्या दिवशी तू तोंड उघडलं हुतंस, मंगल म्हनती," ज्योतिबा म्हणाला.

"व्हय. मला ठावं हुतं, अर्धं चालत न्हाई. सांगनार हुतो." अर्जुनानं पान्यावरची माती पुसली. "मग म्हनलं, अर्धं पायजे न्हवं ह्यास्नी? घ्या मग. रुतशीला तवा कळंल. असं आलं मनात, आण्णा. फकस्त तवाच्या पुरतं. पर परत सांगाया कवा आलोच न्हाई."

ज्योतिबानं पुढचा बोल्ट त्याच्या हातात दिला. "मी तर काल बी ऐकलं न्हाई," तो म्हणाला. "तू सांगितलंस तरी न्हाई."

दोघांनी मिळून बोल्ट आवळले. अर्जुनानं दोन्ही हब 'लॉक'वर फिरवले आणि गाडीत बसला. दांडी ओढली. कालच्यासारखाच खट आवाज झाला. मग पुढची दोन्ही चाकं एकदम फिरली, मातीत दात रोवले आणि जीप खड्ड्यातून वर आली. एक रेटा लागला नाही, एक दगड लागला नाही. इतक्या सहज ती वर आली की बांधावर उभ्या असलेल्या मंगलला हुंदका फुटला.

इंजिनाचा आवाज रानभर गेला. विखुरलेल्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि त्या धावत सुटल्या. गाडीमागं येऊन त्यांनी फळीला नाकं लावली, हुंगलं, ओरडल्या. जीप पाणंदीला लागली तशा त्या मागं मागं चालायला लागल्या, नेहमीसारख्या, मान वर करून. हौदा रिकामा होता. अर्जुनानं आरशात बघितलं आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला.

बाजूनं चालणारा ज्योतिबा म्हणाला, "थांबू नगंस रं. थांबलास की त्या आत बघत्यात."

पण सडकेपाशी थांबावंच लागलं. डांबरावर चारी चाकं जोडून चालवता येत नाही. अर्जुना खाली उतरून डाव्या चाकाशी वाकला. उजव्या चाकाशी ज्योतिबा आपणहून वाकला. दोघांनी आपापला हब 'फ्री'वर फिरवला. मागं मेंढ्या फळीवर पाय देऊन आत बघत होत्या आणि ओरडत होत्या. काम कधीच झालं होतं, तरी दोघं भाऊ दोन बाजूंना हबावर हात ठेवून, माना खाली घालून तसेच बसून राहिले.